सॅकऐवजी ओढगाडी: वजन नेमकं कुठे ठेवायचं

आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. आषाढीत दिंडीचं सामान ट्रकमधून जातं. पण एरवी एकट्याने चालायचं तर तंबू, शिधा, पाणी धरून वीस किलो सहज होतात. तिथे दोन चाकांची ओढगाडी घ्या. राजगड-तोरण्याच्या वाटेवर मात्र सॅकच.

चाकं लहान मुलांच्या सायकलची, सोळा किंवा वीस इंची. ट्रॉली-बॅगेची चाकं लावा म्हणणाऱ्यांनी ती फलाटापलीकडे कधी ओढलेली नसते. ट्यूबमध्ये सीलंट भरा; रस्त्याकडेला बाभळी आहेत. दांड्यांची टोकं ज्याला अडकतात तो पट्टा कमरेच्या हाडावर, खांद्यावर नाही.

आता वजन. ‘सगळं बरोबर चाकांच्या आसावर ठेवा’ हा सल्ला सर्रास मिळतो. मीही तेच केलं. हडपसरपर्यंत मागे गाडी आहे हेही जाणवेना. दिवे घाटाचा चढ लागला तशा दांड्या वर उचलल्या आणि पट्टा बरगड्यांत रुतला. चढावर भार आसाच्या मागे कलतो, गाडी उलाळ होते, म्हणजे मागे झुकते. बैलगाडी भरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. मी मात्र घाटमाथ्यापर्यंत हातांनी दांड्या दाबत चाललो.

तेव्हापासून घरीच तोलतो. पाण्यासकट गाडी भरायची, दांड्यांची टोकं कमरेच्या उंचीवर हुकाच्या काट्याला टांगायची. वीस किलोला दीडेक किलो दाखवलं पाहिजे. कमी असेल तर सामान पुढे, तीनाच्या वर गेलं तर मागे. सरकवायचा तो तंबू, पाणी नव्हे. पाण्याचा कॅन तळाशी, नेमका आसावर. नाहीतर पाणी संपेल तसा तोल बदलतो. जड सामान उंच रचाल तर चढावर गाडी जास्तच उलाळेल.

दांड्या ताठ अॅल्युमिनियम पाइपच्या, दीड मीटर. दोरीने ओढायचा विचारही नको, उतारावर गाडी टाचांवर येते.

सपाट डांबरावर एवढी गाडी अर्ध्या किलोच्या आतल्या जोराने चालते. वीस मीटरला एक मीटर चढ आला, की त्यात किलोभर वाढतो.

समोरची वाहनं दिसतील असं उजव्या कडेने चाला, गाडीला पुढे-मागे रिफ्लेक्टर. जेजुरीत गडाच्या पायऱ्यांशी गाडी खालच्या दुकानात ठेवा. भंडारा-खोबरं त्याच्याकडूनच घेतलंत, की दुकानदार नाही म्हणत नाही.