व्यायामासाठी पॉडकास्ट निवडताय? या चुका टाळा

कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर पहाटे फिरणाऱ्या बऱ्याच जणांच्या कानात हल्ली पॉडकास्ट, म्हणजे मोबाइलवर भागाभागांनी ऐकायचा बोलका कार्यक्रम, चालू असतो. पंधरा दिवसांत कंटाळून तो बंद करणारेही भेटतात. का, तर म्हणे "डोक्यात काही शिरतच नाही." बहुतेक वेळा कार्यक्रम वाईट नसतो. आपण विषय बघून निवडतो, दम किती लागणार आहे ते बघत नाही.

एक सोपी खूण आहे. चालताना बोलता येतं पण गाता येत नाही, इतपत दम लागला तर व्यायाम मध्यम वेगाचा. या वेगात गप्पा, मुलाखती, इतिहासातल्या गोष्टी मस्त ऐकून होतात. पण शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातल्या चढावर पळायला लागलात, की सगळं लक्ष श्वासाकडे जातं. तेव्हा म्युच्युअल फंडाची आकडेमोड लावली तर सारखं मागं न्यावं लागणार. इतिहासावरची एक मालिका मी अशीच पळताना ऐकली आणि एकही सन लक्षात राहिला नाही. महिन्याभरानं तीच चालताना लावली, तेव्हा १६६०चा पन्हाळ्याचा वेढा अगदी डोळ्यांसमोर उभा राहिला. जोरात पळायचं असेल तर गाणी बरी, कारण गाण्याच्या ठेक्यावर पाऊल पडतं. बोलण्याला तसा ठेका नसतो, उलट गोष्ट रंगली की पाय मंदावतात.

जोर-बैठका आणि जड वजनं मारताना तर कानात काहीच नको. मोजणी चुकते आणि पाठीकडं, गुडघ्यांकडं लक्ष राहत नाही. तालमीत वस्ताद ओरडून सांगतात ते ऐकू आलंच पाहिजे.

दुसरी मोठी चूक लांबीची. फेरी पाऊण तासाची आणि भाग अडीच तासांचा! रोज तुकडा तुकडा ऐकला की धागा तुटतो, मग ॲप उघडावंसं वाटत नाही. चाळीस मिनिटांच्या आतबाहेरचा भाग घ्या. लांब मुलाखत ऐकायचीच असेल तर ती रविवारी जोतिबाच्या डोंगराला जाताना लावा.

काय ऐकायचं ते रंकाळ्याच्या चौपाटीवर उभं राहून शोधू नका. दहा मिनिटं तिथंच जातात आणि अंग थंड पडतं. रात्रीच दोन भाग डाउनलोड करून ठेवा. १२८ केबीपीएस दर्जाच्या आवाजाचा चाळीस मिनिटांचा भाग ४० एमबीच्या आतच असतो. दुसरा यासाठी, की पहिला आवडला नाही तर अडायला नको.

वेग दीडपट ठेवायची सवय असेल तर व्यायामापुरता एकपटावर आणा. सुटलेलं वाक्य परत ऐकण्यात जास्त वेळ जातो. घामेजलं बोट लागून आवाज मध्येच थांबत असेल तर इअरबडचं टच कंट्रोल सेटिंगमधून बंद करा. आपल्याकडच्या जुलैच्या पावसात आयपीएक्स४ किंवा त्याहून वरचा इअरबड लागतो. आयपीएक्स४ म्हणजे शिंतोड्यांपुरतं संरक्षण, मुसळधार पावसाचं नव्हे. आणि ओला इअरबड पुसल्याशिवाय डबीत ठेवू नका.

आता सगळ्यात काळजीचं. रहदारीवर मात करायला आपण आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्या माणसानं ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. ९० डेसिबल असेल तर फक्त ४ तास. रोज पाऊण तास म्हणजे आठवड्याला सव्वापाच तास होतात, तेव्हा आवाज कमीच ठेवा. गाड्यांच्या गोंगाटात शब्द कळत नसेल तर रस्ता बदला, आवाज नको.

आणि रस्त्यावर एकच कान झाका. गेल्या हंगामात फुलेवाडीच्या रस्त्यानं चाललो होतो, दोन्ही कानांत मुलाखत. मागून दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर आला तो कळलाच नाही. समोरून येणाऱ्या एका आजींनी हात करून मला कडेला घेतलं. तेव्हापासून रस्त्याकडचा कान मोकळा ठेवतो.