अंदमानात मासे गरवायची बोट कशी ठरवावी

अंदमानची सहल ठरली की घरातला एक जण हमखास म्हणतो, एक दिवस बोट करून गरवायला जाऊ. मग हॉटेलच्या काउंटरवर विचारणा होते, तिथला माणूस एक फोन लावतो, आणि दुसऱ्या दिवशी सहा जणांचे कुटुंब चार तास उन्हात भाजून दोन चिमुकल्या माशांवर समाधान मानून परत येते. समुद्रात मासे नव्हते असे नाही. बोट चुकलेली असते किंवा तारीख, बहुतेक वेळा दोन्ही.

विमान आणि मुक्काम तुम्ही करालच. हंगाम जानेवारी ते मध्य एप्रिल. मेच्या मध्यापासून नैर्ऋत्य मोसमी वारे येतात, ते गेले की ईशान्येचे. डिसेंबरात समुद्र बरा असतो, पण एखादा कमी दाबाचा पट्टा चार दिवस खाऊन टाकतो. शिवाय पूर्व किनाऱ्यावरची मासेमारीबंदी, १५ एप्रिल ते १४ जून, अंदमानलाही लागू असते. त्या काळातली तारीख कोणी देत असेल तर त्या दिवशी बोटीचा परवाना चालतो का, हे लेखी घ्या.

आधी कोण जाणार ते ठरवा, मग मासा

सगळे उलटे करतात. जायंट ट्रेव्हली या मोठ्या शिकारी माशाचा, म्हणजे ज्याला सगळे जीटी म्हणतात त्याचा फोटो बघतात आणि ‘पॉपिंग’ची बोट घेतात. पॉपिंग म्हणजे शंभर ते पावणेदोनशे ग्रॅमचा लाकडी किंवा प्लास्टिकचा मासा खडपाच्या कडेला फेकायचा आणि झटके देत पाण्यावरून ओढून आणायचा. दिवसाला शे-दीडशे फेका होतात. डोलणाऱ्या बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर उभे राहून, आठ फुटी जड रॉड आणि नारळाएवढे रीळ घेऊन. ज्याने हे कधी केले नाही त्याचा खांदा अकरा वाजेपर्यंत संपतो. आणि एवढे करून दिवसभरात एकही जीटी न लागणे हा अपघात नव्हे, नेहमीचा प्रकार आहे. हे ज्यांना मान्य आहे त्यांनीच पॉपिंग घ्यावे.

जिगिंग म्हणजे साठ ते शंभर मीटर खोलीवर शिशाचा लांबट तुकडा सोडून झटके देत वर आणणे. मेहनत तेवढीच, पण हेकरू, तांबोशी, कधी डॉगटूथ जातीचा कुपा असे काही ना काही लागते. ट्रोलिंगमध्ये काम बोट करते: मागे चार दोऱ्या सोडून सहा-आठ नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) फिरायचे. सुरमई, वाहू, बॅराकुडा, नशीब असेल तर मोरमासा. मुले, आजी-आजोबा, पहिल्यांदा येणारे यांच्यासाठी ट्रोलिंग आणि मग नांगर टाकून तळाला गरी सोडणे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती दोन किलोची तांबोशी लागली की त्याला जीटीची आठवण होत नाही.

एका बोटीत सगळे प्रकार करू, असे कबूल करणारा बोटवाला टाळा. दिवसाला दोन प्रकार पुरेत.

तारीख भरतीच्या कोष्टकावरून

अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान, हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको. पॉपिंगला पाण्याला ओढ हवी, म्हणून उधाणाचे दिवस. जिगिंगला आणि तळाच्या गरीला भांग बरा. उधाणात ऐंशी मीटरवर सोडलेला दोनशे ग्रॅमचा जिग तळाला टेकतच नाही, तिरका होऊन बोटीपासून लांब वाहत जातो. मात्र तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढायचा आपला हिशेब आपल्या किनाऱ्याचा आहे, तो तिकडे नेऊ नका. पोर्ट ब्लेअरचे कोष्टक बघा. २०२४पासून शहराचे नाव श्रीविजयपुरम आहे, पण बऱ्याच कोष्टकांवर जुनेच नाव सापडेल.

तास मोजा. इथेच सगळे फसतात

‘फुल डे, आठ तास.’ हे आठ तास कशाचे? धक्का ते धक्का. त्यात गरी पाण्यात किती वेळ असणार, हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारत नाही. दर, बोटीची लांबी, फोटो, सँडविच मिळणार की बिर्याणी, हे सगळे विचारून होते. हा एक आकडा राहतो. तो काढायला तीन गोष्टी लागतात: जागा किती सागरी मैलांवर, बोटीचा सोसवणारा वेग किती, आणि एकूण तास. वेग विचारताना कमाल वेग विचारू नका. कमाल वेग आरशासारख्या पाण्यावर आणि रिकाम्या बोटीत मिळतो. चार माणसे, बर्फ, भरलेली टाकी आणि अर्ध्या मीटरच्या लाटा असताना किती धावते, असे विचारा.

आता हिशेब करून बघू. दर धरून चाललेले आहेत, तुमचे घाला. पहिली बोट फायबरची, मागे दोन आउटबोर्ड इंजिने, २० नॉटने धावणारी, भाडे ४०,०००. दुसरी लाकडी, डिझेल इंजिनाची, ८ नॉटची, भाडे १६,०००. जागा २५ सागरी मैलांवर, म्हणजे साधारण ४६ किलोमीटर. पहिल्या बोटीला जायला सव्वा तास, यायला सव्वा तास; हाती साडेपाच तास. दुसरीला जायला-यायला मिळून सव्वासहा तास. हाती पावणेदोन तास. आता भाड्याला त्या तासांनी भागा. पहिली तासाला ७,३००च्या आत पडते, दुसरी ९,१००च्या वर. स्वस्त बोट महाग पडली.

पण याचा अर्थ लाकडी बोट वाईट, असा मुळीच नाही. तीच बोट ८ मैलांवरच्या खडपावर न्या: एक तास जायला, एक यायला, सहा तास गरी पाण्यात, तासाला २,७०० सुद्धा नाही. जवळच्या जागी तळाची गरी टाकायची असेल तर तीच घ्या, आणि डिझेलच्या धुराचा वास सोसत नसेल तर वाऱ्याच्या बाजूला बसा. फसवणूक बोटीच्या वेगात नसते, हळू बोट आणि लांबची जागा यांची जोडी लावण्यात असते. ती जोडी लावणारा माणूस खोटे बोलत नसतो. तो फक्त जागेचे नाव सांगतो आणि अंतर सांगत नाही.

म्हणून नुसत्या नावांना भुलू नका. ‘बॅरन आयलंडला नेतो’ हे ऐकायला भारी वाटते, भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी. पोर्ट ब्लेअरहून तो १३५ किलोमीटरच्या पुढे आहे. २० नॉटच्या बोटीला एका बाजूला साडेतीन तासांहून जास्त लागतात. एका दिवसात ही फेरी गरवायची राहत नाही, ज्वालामुखी-दर्शन होते, आणि तेही लांबून, कारण बेटावर उतरायला परवानगी नाही. बॅरन करायचे तर बोटीवर रात्र काढायची तयारी आणि तशी बोट हवी.

आणखी एक कात्री लागते ती घड्याळाची. अंदमान घड्याळ आपलेच वापरते, सूर्य मात्र आपल्या बराच आधी उगवतो. साडेपाचच्या आगेमागे उजाडते आणि संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचला सूर्य बुडतो. हॉटेलवाला आरामात ‘आठ वाजता निघू’ म्हणतो तेव्हा सकाळचे सगळ्यात चांगले अडीच तास गेलेले असतात. दुपारी दोन ते सहाचा ‘हाफ डे’ तर घेऊच नका, त्यातला शेवटचा भाग अंधारात परतण्याचा. साडेपाचला धक्क्यावरून सुटणारी बोट हवी, आणि तुम्ही हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला उतरला असाल तर बोटही तिथलीच हवी. पोर्ट ब्लेअरहून तुम्हाला घ्यायला येणारी बोट तुमच्याच पैशाने येते.

शेवटी इंधन. ‘इंधनासह’ लिहिलेले असते, पण किती मैलांपर्यंत? ती मर्यादा लेखी नसेल तर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, दुसऱ्या खडपावर जायला कुरकुरतो, कारण प्रत्येक मैल त्याच्या खिशातून जातो.

फोनवर काय विचारायचे

दलालाशी नको, बोट चालवणाऱ्याशी बोला. तिकडे व्यवहार हिंदीत चालतो, अडचण येत नाही. ‘सर, सब मिलेगा’ हे पहिलेच वाक्य आले तर दुसरा नंबर शोधा. चांगला तांडेल आधी उलट प्रश्न विचारतो: किती जण, कोणी आधी केले आहे का, कोणाला बोट लागते का.

माझ्या मते निकाल लावणारा प्रश्न एकच आहे: या तारखेला वारा पूर्वेचा आला तर कुठे नेणार आणि पश्चिमेचा आला तर कुठे? ज्याला पाणी माहीत आहे तो दोन वेगळ्या जागा सांगतो, कोणत्या बेटाच्या आडोशाला तेही सांगतो. ज्याला फक्त जीपीएसवरचा एक ठिपका माहीत आहे तो म्हणतो, ‘मौसम अच्छा रहेगा’.

मग: पॉपिंगला एका वेळी किती जण फेकणार? सात-आठ मीटरच्या बोटीवर दोन, फार तर पुढे एक, मागे एक आणि बाकीचे आळीपाळीने. पाच जण नेतो म्हणणाऱ्याच्या बोटीत तीन टोकांचे मोठे गळ कोणाच्या तरी कानाजवळून जाणार. ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा कोणत्या जाडीचा? जीटीला पीई (दोऱ्याच्या जाडीचे माप) ८ ते १०, जिगिंगला ४ ते ६. ‘अच्छावाला’ हे उत्तर नाही. फोटोंऐवजी आजचा बोटीचा व्हिडिओ मागा: इंजिने, सावलीचे छत, रॉड ठेवायच्या नळ्या, लाइफ जॅकेट. माशांचे फोटो दहा वर्षांचे असू शकतात. प्रत्येक फोटोत बोट वेगळी दिसली तर समजून जा.

एक इंजिन असेल तर किनाऱ्यापासून लांब नको, दोनच हवीत. व्हीएचएफ रेडिओ चालू स्थितीत हवा, मोबाइलचे नेटवर्क थोड्याच अंतरावर सुटते. तटरक्षक दलाचा शोध-बचाव क्रमांक १५५४ फोनमध्ये ठेवा.

परवाना आणि बंद पाणी

बोटीची नोंदणी आणि मत्स्यखात्याचा परवाना व्हॉट्सअॅपवर मागवा. वंडूरचे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आणि हॅवलॉकच्या शेजारचे राणी झाशी सागरी राष्ट्रीय उद्यान, दोन्हींत मासेमारी बंद आहे. राणी झाशी उद्यानाकडे विशेष लक्ष द्या, कारण ते हॅवलॉकहून निघणाऱ्या बोटींच्या अगदी वाटेवर आहे. उत्तर सेंटिनेलच्या आसपासचे पाणी आदिवासी राखीव आहे, तिकडचे नावही काढू नका. ‘वहाँ कोई देखता नहीं’ असे कोणी म्हणाला तर फोन ठेवा. पकडले गेल्यावर बोट त्याची, पण गुन्ह्यात नाव तुमचेही.

अमेरिकेतून किंवा आखातातून येणाऱ्यांसाठी एक सूचना: सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट संदेशाची छोटी यंत्रे परवानगीशिवाय भारतात आणणे गुन्हा आहे. सुरक्षिततेसाठी म्हणून पिशवीत टाकाल आणि विमानतळावर अडकाल.

पैसे आणि हवामान

आगाऊ तिसऱ्या हिश्श्याहून जास्त देऊ नका. इशाऱ्यामुळे बोटी सोडणे बंद झाले तर पूर्ण परतावा किंवा दुसरी तारीख, हे लिहून घ्या. बोट निघू शकते पण तांडेल नको म्हणतो, तेव्हाही तेच. तो नको म्हणाला तर वाद घालू नका. उलट, वारा १५ नॉटच्या वर असूनही ‘चलते हैं’ म्हणणाऱ्याला तुम्ही नको म्हणा. गरवायचा दिवस सहलीच्या सुरुवातीला ठेवा, म्हणजे पुढे ढकलायला जागा राहते. रोख जवळ ठेवा, बेटावर नेटवर्कचा भरवसा नाही.

मासा कोणाचा, हेही आधीच बोला. खायला सुरमई, तांबोशी, एखादा कुपा घ्या. मोठी जीटी सोडून द्या: चवीला जाडसर, आणि खडपावरच्या मोठ्या शिकारी माशांत विषबाधेचा धोका असतो, तो शिजवून जात नाही. सोडायची असेल तर गळाचे काटे पक्कडीने आधीच दाबून टाका. तुमच्या हातात गळ घुसला तरी तो तेवढाच सहज निघतो.

धक्क्यावर, चढण्याआधी

भाड्याचा रॉड मिळणार असेल तर पाच मिनिटे द्या. कापसाचा बोळा रॉडवरच्या, दोरा जातो त्या प्रत्येक कड्याच्या आतून फिरवा. धागा अडकला तर कडे तडकलेले आहे, ते ब्रेडला सुरीसारखे कापते आणि पहिल्याच मोठ्या माशाला दोरा तुटतो. मग दहा मीटर दोरा ओढून बोटांतून सरकवा, खरखरीत किंवा पांढरट लागला तर तेवढा कापून लीडर, म्हणजे टोकाचा जाड दोरा, नव्याने बांधायला लावा. मग रिळाच्या ड्रॅगला, म्हणजे दोरा सुटताना धरणाऱ्या ब्रेकला, स्प्रिंगचा वजनकाटा लावा: जीटीसाठी दहा किलोच्या आसपास. तेवढी ओढ उभ्याने पेलते का ते धक्क्यावरच बघा, नाही पेलली तर कमी करायला सांगा.

बोट लागणाऱ्यांनी गोळी आदल्या रात्री एक आणि निघण्याआधी तासभर एक घ्यावी, कोणती ते डॉक्टरांना विचारून. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी समुद्रात जाते.

उरलेले पैसे परत आल्यावर, धक्क्यावर. खलाशाची बक्षिसी त्याच्याच हातात द्या, मालकाकडे नाही.