झाडावरच्या पक्ष्याच्या जीवाश्मावरून प्राचीन अरण्य कसे ओळखावे

पक्ष्याचा जीवाश्म समोर आला की नजर आधी पंखांकडे जाते. ती पायांकडे वळवावी. मागचे बोट लांब आणि पुढच्या बोटांच्याच पातळीवर असेल, नख्या वाकड्या असतील, तर पक्षी फांदी धरून बसणारा असावा असे मानण्यास आधार मिळतो. मात्र शिकारी पक्ष्यांच्या नख्याही वाकड्याच असतात, म्हणून केवळ नखीवरून निष्कर्ष काढू नये.

त्यानंतर पोटाचा भाग भिंगाखाली तपासावा. जर्मनीतील मेसेल येथे सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्याच्या गाळात सापडलेल्या प्युमिलिऑर्निस या चिमुकल्या पक्ष्याच्या पोटात परागकण मिळाले, आणि त्या काळीही पक्षी फुलांवर जात होते हे २०१४ मध्ये त्यावरून दाखवता आले. असा एक पुरावा, माझ्या मते, दहा सुबक सांगाड्यांहून मोलाचा.

आजच्या नातलगांवरून प्राचीन हवामान ठरवताना सावध राहावे. माऊसबर्ड हे लांब शेपटीचे छोटे पक्षी आता फक्त सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत, बहुधा मोकळ्या झुडपी प्रदेशात आढळतात. मेसेलमधील त्यांचे आप्त मात्र उष्ण, दमट अरण्यात राहत होते, हे त्याच थरांतील पाने, बिया आणि मगरींच्या सांगाड्यांशी पडताळा घेतल्यावरच कळते.