नागपूरहून समुद्रकाठच्या पक्षी महोत्सवाला जाताना

अंबाझरीला किंवा गोरेवाड्याला पहाटे निघायचं, नऊपर्यंत परतायचं, ही सवय घरीच ठेवा. किनाऱ्यावर पक्ष्यांचं वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवते. म्हणून नावनोंदणीआधी कालनिर्णय उघडा आणि तिथी पाहा.

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दिवसाही आणि रात्रीही. सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून शेवटी भरतीच्या तक्त्यावरून खात्री करा. दशमी ते त्रयोदशी सगळ्यांत सोयीची, कारण भरती सकाळी साडेसात ते पावणेदहाच्या दरम्यान येते. अमावास्या-पौर्णिमेला ती बाराच्या सुमारास येते, तोवर तापलेली हवा लहरते आणि दुर्बिणीत सगळं थरथरतं.

पूर्ण भरतीच्या दोन तास आधी जागा धरून बसा. पाणी चढेल तसा चिखल आक्रसतो आणि पक्षी आपोआप तुमच्याकडे सरकतात. उतावीळपणे पुढे गेलात तर अख्खा थवा उठतो. ऐन ओहोटीला पोचलात, तर दूरवर नुसते ठिपके दिसतील. उजेडाचाही विचार करा. कोकणच्या उघड्या किनाऱ्यावर सकाळचं ऊन पाठीमागे असतं, मुंबईच्या पूर्वेकडच्या शिवडीच्या चिखलावर मात्र तेच डोळ्यांवर येतं.

ओळखीचा सराव नागपुरातच होतो. हिवाळ्यात तलावाचं पाणी ओसरलं की काठावर छोटे चिखले (प्लोव्हर पक्षी) दिसतात. धावतो, थबकतो, टिपतो, तो चिखल्या, कारण तो नजरेने भक्ष्य शोधतो. चालता चालता चोच चिखलात खुपसत राहतो, तो टिलव्यांच्या (सँडपायपर) कुळातला. हा फरक पक्का झाला की किनाऱ्यावर निम्मं काम सोपं होतं. आपल्याकडच्या छोट्या कंठेरी चिखल्याच्या डोळ्याभोवती पिवळं कडं असतं. किनाऱ्यावरच्या केंटिश चिखल्याला ते नसतं, पाय काळपट असतात आणि छातीवरचा पट्टा मध्ये तुटलेला असतो.

दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे. त्याहून लांबचं पाहायला टेलिस्कोप लागतो. तो आयोजकांकडे बहुधा असतो, आधी विचारून घ्या. पायात मागे पट्टा असलेली सँडल घाला. चप्पल चिखलात रुतते आणि अनवाणी पाय कालवांच्या शिंपल्यांनी कापतो. गाडी उशिरा पोचली तरी भरती थांबत नाही, म्हणून एक दिवस आधीच मुंबई गाठा.

भरती पूर्ण झाली की पक्षी एका पायावर, चोच पिसांत खुपसून विसावतात. त्यांच्या जवळ मुळीच जाऊ नका, फोटोसाठीसुद्धा. पुढच्या ओहोटीपर्यंत त्यांना खायला मिळणार नसतं, आणि उगाच उडावं लागलं की साठवलेली चरबी खर्च होते.

परत आल्यावर दुर्बिणीची काच कोरडी पुसू नका, खारट कणांनी ओरखडे पडतात. आधी फुंकणीने कण उडवा, मग साध्या पाण्यात ओलवलेल्या मऊ कापडाने हलकेच पुसा.