ग्राफिक्सचा बग शोधायला कर्नल बांधताय? या चुका टाळा

लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, अपडेट झाला आणि स्क्रीन लुकलुकायला लागली. जुन्या कर्नलवर मात्र सगळं ठीक. अशा वेळी 'गिट बायसेक्ट' (कोडमधल्या बदलांची यादी निम्मी-निम्मी करत शोधणारी कमांड) वापरून दोषी बदल नेमका पकडता येतो. कर्नलच्या एका आवृत्तीत साधारण १३ ते १५ हजार बदल असतात. दर फेरीत मधल्या टप्प्याचा कर्नल बांधून चालवायचा आणि 'गुड' (बग नाही) की 'बॅड' (बग आहे) ते सांगायचं. त्यातून निम्मे बाद होतात, म्हणून १४ च्या आसपास फेऱ्या पुरतात. निदान पुरायला हव्यात.

घात होतो तो घाईघाईने दिलेल्या 'गुड'मुळे. 'बॅड' म्हणायला बग एकदा दिसला की पुरे. 'गुड' म्हणजे फक्त 'अजून दिसला नाही'. बग अधूनमधून, सरासरी तासाभरात येत असेल तर तीन तास तरी मशीन राबवा. तरीही तो हुकण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास उरतेच, आणि ती प्रत्येक 'गुड'ला नव्याने. एक 'गुड' चुकलं की शोध भलत्याच अर्ध्यात शिरतो आणि शेवटी साउंड कार्डाच्या एखाद्या निरपराध बदलावर ठपका येतो! म्हणून सापडलेला बदल ताज्या कर्नलवर उलटवून बग खरंच जातो का ते बघा.

कर्नल बांधलाच गेला नाही, किंवा दुसऱ्याच कारणाने बूट झाला नाही, तर 'बॅड' नाही, 'स्किप' (ही फेरी सोडा) द्यायचं.

दुसरा छुपा चोर म्हणजे कॉन्फिग फाइल, म्हणजे कर्नलमध्ये काय काय बांधायचं याची यादी. बायसेक्ट मागेपुढे उड्या मारतं. जुन्या कोडवर 'ओल्डडेफकॉन्फिग' (ही यादी त्या कोडशी जुळवून घेणारी कमांड) चालवलं की नवे पर्याय गळून पडतात आणि पुढे आल्यावर परत येत नाहीत. मूळ फाइल बाजूला ठेवा, दर फेरीला तीच कॉपी करा. 'लोकलमॉडकॉन्फिग'ने बांधणी झपाट्याने होते, पण ते त्या क्षणी लोड असलेलीच मॉड्यूल्स (कर्नलचे गरजेनुसार जोडले जाणारे भाग) ठेवतं. डॉक, दुसरा मॉनिटर, पेन ड्राइव्ह आधी जोडा. एएमडीजीपीयू (एएमडीच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर) मॉड्यूल म्हणूनच राहू द्या. कर्नलमध्येच गोवलं तर बूटच्या सुरुवातीला त्याला फर्मवेअर (ग्राफिक्स चिपला लागणारं सॉफ्टवेअर) बहुधा सापडत नाही.

आपण नक्की कुठला कर्नल चालवतोय हे दर बूटनंतर 'युनेम -आर'ने बघा. बूटच्या मेनूने कधीकधी गुपचूप जुनाच उचललेला असतो. सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर सही नसलेला कर्नल उठणारच नाही. चाचणीपुरतं ते बंद ठेवा. कर्नल ठेवायची '/बूट' ही जागा भरून इन्स्टॉल अर्धवट होणं हेही नेहमीचं.

'नोमोडसेट' हा बूटचा पर्याय लावून तपासू नका. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर कामालाच लागत नाही, मग बग दिसणार कुठून?

आणि बायसेक्टआधी दोन्ही टोकं (चांगली जुनी आणि बिघडलेली नवी आवृत्ती) मूळ, डिस्ट्रोचे (उबुंटू, फेडोरासारख्या लिनक्सचे) पॅच नसलेल्या कर्नलवर पडताळा. मेसा (ग्राफिक्सची कर्नलबाहेरची लायब्ररी) आणि फर्मवेअर दोन्हीकडे तेच हवं. मध्येच सिस्टिम अपडेट केलीत तर केलेल्या फेऱ्या वाया.

एएमडी आणि इंटेलच्या बगची तक्रार फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर जाते. सोबत बायसेक्टचा लॉग आणि बूटपासूनचा पूर्ण डीमेसेज (कर्नलच्या संदेशांची नोंद) जोडा, मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो नव्हे.