कर्नाळ्याचा सुळका चढायचाय? या चुका टाळा

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो आणि प्रस्तरारोहकाचे हात शिवशिवायला लागतात. माझेही लागतात. पण हा कातळ १९६८ पासून पक्षी अभयारण्यात आहे. तिथे आपण पाहुणे.

पहिली चूक गेटवरच होते. प्रवेशाचं तिकीट काढलं की चढाईला मोकळीक मिळाली, असं अनेकजण धरून चालतात. दोर आणि ड्रिल घेऊन जायचं तर आधी वनविभागाकडे लेखी अर्ज हवा.

तारीख ग्रुपच्या सुट्टीवरून ठरवणं ही त्याहून मोठी चूक. सुळक्याच्या कपारींत आग्या मोहोळं लागतात आणि या माश्या ऋतूप्रमाणे जागा बदलतात. गेल्या खेपेला रिकामी असलेली कपार या खेपेला भरलेली असू शकते. म्हणून चढाईच्या आदल्या दिवशी पायथ्यावरून दुर्बिणीने पूर्ण भिंत बघा, वनरक्षकालाही विचारा. एकदा आम्ही हे टाळलं होतं. लीड करणारा, म्हणजे दोर घेऊन सर्वांत पुढे चढणारा, अर्ध्यावर पोहोचला, तेव्हा त्याच्या डोक्यावर हातभर अंतरावर काळं पोळं लटकत होतं. आवाज न करता त्याला खाली घेतलं आणि तो दिवस तिथेच संपवला. परतावं लागल्याचं दुःख आजही नाही.

मोहोळ उठलंच तर? हात झाडू नका. चिरडलेल्या माशीच्या आणि डंखाच्या वासाने बाकीच्या आणखी चवताळतात. दोरावरचा माणूस पळू शकत नाही, म्हणून त्याला सलग खाली सोडता येईल इतका दोर बिलेयरकडे, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याकडे, पहिल्यापासून शिल्लक हवा. अत्तर, परफ्यूम घरीच ठेवा. धूर करून पोळं हाकलणं तर पूर्ण वर्ज्य. या माश्यांच्या परागीभवनावर खालच्या जंगलाची फळं अवलंबून आहेत.

शाहीन ससाण्याचंही तेच. हिवाळ्याच्या उत्तरार्धात तो उघड्या कड्यावर अंडी घालतो. पक्षी ओरडत डोक्यावर झेपावू लागला तर घरटं जवळ आहे असं समजा आणि उतरा. तो उडालेला असताना अंडी उन्हात तापतात.

आता बोल्टबद्दल, म्हणजे दोर अडकवायला कातळात भोक पाडून बसवलेल्या धातूच्या खुंट्यांबद्दल. खाडीची खारी हवा इथे पोहोचते. बाहेरून चकचकीत दिसणारा बोल्ट आत गंजलेला असू शकतो, आणि स्टेनलेस बोल्टवर साध्या लोखंडाचा हँगर (बोल्टवरची अडकवायची पट्टी) लावला की गंज आणखी वेगाने चढतो. शंका आली की शेजारी नवं भोक पाडायची सवय आपल्याला लागलीय. त्याने कातळाची चाळण होते. जुना बोल्ट काढून शक्य असेल तर तेच भोक वापरा, ३१६ ग्रेडचं स्टेनलेस किंवा टायटॅनियम घ्या, आणि परवानगीशिवाय ड्रिल बाहेर काढू नका.

पकडीसाठी हाताला लावलेल्या चॉक पावडरचे पांढरे डाग उतरताना ब्रशने साफ करा.

आणि पावसाळ्यात सुळका सोडाच, ओढ्याच्या काठाने शॉर्टकटही मारू नका. तिबोटी खंड्या हा पक्षी त्याच दिवसांत मातीच्या दरडीत बीळ कोरून पिल्लं वाढवतो, आणि बुटाच्या एका चुकीच्या पावलाने ती दरड खाली येते.