आर (R) या प्रोग्रामिंग भाषेत आपल्या क्लासला चौकोनी कंस कसा शिकवायचा

मॅट्रिक्सला (ओळी-कॉलमांच्या तक्त्याला) स्वतःचा क्लास, म्हणजे 'हा कुठल्या प्रकारचा डेटा' हे सांगणारी ओळख, चिकटवला, एक ओळ काढली आणि क्लासच गायब, असं झालंय कधी? माझं झालंय. पावसाचा डेटा होता, ओळींत स्टेशनं, कॉलमांत जून ते सप्टेंबर, आकडे मिलिमीटरमध्ये आणि ते लक्षात राहावं म्हणून डेटाला 'एकक' नावाची जादा चिठ्ठी, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट. क्लास 'पाऊस', व्हेरिएबल प. आता प[१, ] केलं की हातात उरतो नुसता व्हेक्टर (आकड्यांची एक रांग), क्लास नाही, एकक नाही, मॅट्रिक्सही नाही.

हा बग नाहीये. सबसेट करताना, म्हणजे चौकोनी कंसाने तुकडा काढताना, आर नावं आणि डायमेन्शन तेवढी जपतं, बाकीची अ‍ॅट्रिब्यूट टाकून देतं. मग तारखांचा क्लास कसा टिकतो? त्यांची वेगळी मेथड (त्या क्लासपुरतं फंक्शनचं खास रूप) बेस आरमध्ये आधीच लिहिलेली आहे म्हणून. [ हे शेवटी एक फंक्शनच आहे, तर आपल्या क्लासपुरती त्याची मेथड आपणही लिहायची.

नाव `[.पाऊस`, बॅकटिकमध्येच, नाहीतर आरला ते वाचता येत नाही. आर्ग्युमेंट एक्स, आय, जे, तीन टिंबं आणि ड्रॉप. आत पहिल्याच ओळीत नेक्स्टमेथड (NextMethod), म्हणजे पुढची, इथे आरची मूळ [, बोलवणारं फंक्शन, बोलवायचं आणि कापाकापी त्याच्यावर सोडायची. मी पहिल्यांदा शहाणपणा करून आत सरळ एक्स[आय, जे] लिहिलं, मग मेथड स्वतःलाच बोलवत बसली आणि शेवटी 'इन्फिनिट रिकर्शन'ची एरर. वर प[५] आणि प[५, ] यातला फरक आपल्यालाच एनआर्ग्जने (किती आर्ग्युमेंट आली ते सांगणारं फंक्शन) मोजत बसावा लागतो. नेक्स्टमेथडला मूळ कॉल जसाच्या तसा मिळतो, रिकामी जागासुद्धा, त्यामुळे ती कटकटच नाही. पण म्हणूनच आत आयची किंमत बदललीत तर ती पुढे पोचत नाही, हे ध्यानात ठेवा.

आता ड्रॉप, म्हणजे एकच ओळ किंवा कॉलम उरला तर डायमेन्शन टाकून द्यायची का हे ठरवणारं आर्ग्युमेंट. एकच ओळ काढली तरी मॅट्रिक्स राहावं असं हवं असेल तर फंक्शनच्या आर्ग्युमेंटात ड्रॉपचा डिफॉल्ट फॉल्स ठेवून भागत नाही, डिफॉल्ट आपोआप पुढे जात नाही, नेक्स्टमेथडच्या कंसात ड्रॉप = ड्रॉप असं नावानिशी लिहावं लागतं. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

आलेल्या उत्तरावर एकक परत चिकटवा. क्लास मात्र डायमेन्शन असतील तरच लावा, कारण प[५] चा एकटा आकडा 'पाऊस' म्हणून पुढे गेला तर तुमची प्रिंटची मेथड ओळी-कॉलम शोधत फुटणार. मग प[१, ], प[, २], प[५] आणि प[ ] हे चारही टाइप करून बघा. चौथा लोक हमखास विसरतात.

किंमत भरायची `[<-` मेथड बहुतेक वेळा लागतच नाही, कारण तिथे आर अ‍ॅट्रिब्यूट आपणहून जपतं. उणे पाऊस कुणी भरू नये असली तपासणी करायची असेल तरच लिहा, शेवटच्या आर्ग्युमेंटचं नाव व्हॅल्यूच ठेवा आणि बदललेला एक्स परत करा.

आणि हे सगळं स्क्रिप्टमध्ये झकास चालतंय पण पॅकेजमध्ये टाकल्यावर क्लास पुन्हा गायब होतोय, तर आधी नेमस्पेस फाइल उघडा, एस३मेथडची (S3method) ओळ, म्हणजे ही मेथड या क्लासची अशी नोंद, राहून गेली असेल.